डाव्या खांद्याखाली

थोथ महिना, १२. तळ्याकाठच्या बेट गावातून.

चिरंजीव पाबूस यास,

हे पत्र हेरिऊसचं, म्हणजे तुझ्या बापाचं. अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितोय, म्हणजे म्हातारा काहीतरी मागणार, असं तू मनात म्हणशील. बरोबर आहे, मागणारच आहे. पण आधी रीत पाळू दे. मी रोज आपल्या मगरदेवासमोर, सोबेकासमोर, तुझ्या नावाने डोकं टेकतो. (रोज नाही, सणावारी. खोटं कशाला लिहू?) तू खुशाल असावास.

पत्र ग्रीकमध्ये लिहवून घेतलं असतं, पण गावातल्या लेखनिकाच्या कानात एक गोष्ट पडली की ती तळ्याच्या पलीकडे ऐकू येते. म्हणून आपल्या देवळी अक्षरात स्वतःच लिहितोय. तुझ्या जहाजावर हे वाचणारा तू एकटाच असशील. पाचव्या वर्षापासून मी ते तुझ्याकडून घोटून घेतलं होतं, विसरला नसशील. मगरीच्या चिन्हाची शेपटी मात्र तुला कधी सरळ जमली नाही.

तर ऐक. गेल्या हिवाळ्यात इथे ताप आला. आधी अंगावर फोड, मग आठ दिवसांत माणूस खलास. दोन महिन्यांत देवळाच्या बावीस जणांपैकी वीस गेले. उरलो मी आणि मार्रेस. होय, तोच मार्रेस, ज्याला माझ्या तोंडचं कोणतंही स्तोत्र कधी पसंत पडलं नाही. देवाला कुणाला तरी ठेवायचंच होतं, तर नेमका त्याला ठेवला.

नित्यसेवेला तीन माणसं लागतात, तुला माहीत आहे. एकाने दार उघडायचं, एकाने पाणी घालायचं, एकाने म्हणायचं. आम्ही दोघं तिघांचं काम करतो आणि मधल्या वेळात भांडतो. पण फार्मूथी महिन्यात अलेक्झांड्रियाहून तपासनीस येणार आहे. त्याच्या यादीत तीन नावं लागतात. तीन नसली तर दाराला चिखलाची मोहोर लागणार आणि सोबेकाला पेंढ्यात गुंडाळून, पेटीत घालून शहरातल्या देवळाच्या कोठारात नेणार. तेरा पिढ्या आपण त्याला रोज सकाळी उठवलं, पुसलं, नेसवलं. कोठारात त्याला कोण उठवणार?

तू ये. बाहेरचा माणूस चालत नाही, आमच्याच रक्ताचा लागतो आणि माझ्या रक्ताचा तू एकटाच आहेस.

तू म्हणशील, माझ्या अंगावर डाग आहे, मला कोण घेणार. डागाचा माणूस देवाच्या दाराच्या आत जात नाही हा नियम मी केलेला नाही, आणि तुला घडवताना मला कुणी विचारलंही नव्हतं. पण ते माझ्यावर सोड. तपासायला आता दोघंच उरलेत आणि त्यांतला एक मी आहे.

तुझी आई बरी आहे. आठवण काढते.

हेरिऊस

हे पत्र उंटवाला कास्तोर आणतोय. उद्धट आहे, पण वाटेत पत्रं हरवत नाही. त्याला जेवू घाल.

खोइआक महिना, २०.

पाबूस,

तीन महिने झाले, उत्तर नाही. कास्तोर म्हणतो की पत्र तुझ्या हातात दिलं, तू वाचलंस, घडी घातलीस आणि त्याला मसुराची आमटी वाढलीस. मी म्हटलं, काही बोलला का? तर म्हणे, "बोलला ना. मीठ कमी आहे म्हणाला."

ठीक आहे. मीच लिहितो.

काल देवाची मिरवणूक होती. तुला आठवतं, बारा जण खांद्यावर लाकडी नाव घेऊन निघायचे आणि नावेत देव पडद्याआड बसायचा. यंदा खांदे चार, तेही उंटवाल्यांचे. मार्रेस आणि मी त्यांना तळ्यावर नेऊन घासून आंघोळी घातल्या. लोकरीच्या घोंगड्या काढायला लावल्या, तागाची वस्त्रं दिली. वारा असा होता की बिचारे कुडकुडत होते. डोकी भादरायची म्हटल्यावर एक जण पळूनच गेला, मग कास्तोरला धरलं.

मार्रेस मला म्हणतो, "तेवढे उंट का सोडलेस? त्यांनाही सोवळं नेसव."

"तू खांदा देतोस का? मग बोल."

"मला कंबर आहे रे, हेरिऊस. तुझ्यासारखं नुसतं तोंड नाही."

आणि मिरवणूक अर्ध्यात आली तेव्हा कास्तोर मोठ्याने म्हणाला, "देव अगदीच हलका आहे हो! माझ्या उंटिणीचं खोगीर याहून जड." रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बायका हसल्या. बाया किती, तर अकरा. मी मोजल्या. मी पण हसलो, आणि मग पुढे स्तोत्र म्हणायचं तर आवाजच फुटेना. मार्रेसने पुढचं म्हटलं. एकही टोमणा न मारता म्हटलं, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

आई बरी आहे असं मी लिहिलं ते खोटं होतं. सेगाथिस गेल्या हिवाळ्यातच गेली, तापाच्या दुसऱ्या आठवड्यात. तू मायेपोटी येशील, आणि आल्यावर सांगता येईल, असा हिशेब मी केला होता. शेवटच्या दिवशी तिने तुझं नाव घेतलं. माझं घेतलं नाही.

आता तू म्हणशील, खोटं बोलता येतं की तुम्हाला. त्या दिवशी का नाही आलं?

त्या दिवसाचं मी कधी बोललो नाही. तू अकरा वर्षांचा होतास. पुजारी व्हायला सुंता लागते, तिच्या परवान्यासाठी तुला नवं वस्त्र गुंडाळून चौकात उभं केलं होतं. बाकावर पाच वडीलधारे. रीतीप्रमाणे आधी बापाला विचारतात, "याच्या अंगावर डाग आहे का?" बाप म्हणतो, "नाही." एक प्रश्न विचारायचा, एक शब्द सांगायचा. आणि मी म्हणालो, "आहे. डाव्या खांद्याखाली."

तू माझ्याकडे पाहिलंस. नुसता बघत राहिलास, रडला नाहीस. त्यानंतर सात वर्षं तू माझ्या घरात राहिलास आणि एकदाही माझ्याकडे तसं सरळ पाहिलं नाहीस, आणि मग एक दिवस गेलास.

देवासमोर मला खोटं बोलवलं नाही, पाबूस. एवढंच होतं ते. तू ये, मी यावेळी बरोबर उत्तर देईन.

हेरिऊस

मेखीर महिना, ९.

तुझं उत्तर मिळालं.

ग्रीकमध्ये, दुसऱ्याच्या हातचं. वर नाव "लूकियस वालेरियस लाँगस". मी दोनदा बाहेरचं वेष्टण पाहिलं, की पत्र चुकून दुसऱ्या कुणाचं तर नाही. रोमनांनी आरमारात नाव दिलं की बापाने दिलेलं गळून पडतं काय?

तू लिहिलंस ते मी इथे पुन्हा लिहून काढतोय, कारण ते सारखं डोक्यात घोळतंय, निदान कागदावर तरी बसेल.

"आई गेल्याचं कळलं. इथेही ताप आहे. मी येणार नाही. मला इथे बायको आहे, दोन वर्षांचा मुलगा आहे. जहाजाच्या पटावर माझी ओळख लिहिली आहे ती त्या डागावरून: वालेरियस लाँगस, डाव्या खांद्याखाली काळसर डाग, बोटभर. लिहिणाऱ्याने तो पाहिला, लिहिला आणि म्हणाला, चला पुढे. अठरा वर्षांत त्या डागाबद्दल मला कुणी एवढं सरळ बोललं नव्हतं. आता एकच विचारायचं आहे. माझ्या मुलालाही तो डाग आहे, त्याच जागी, तेवढाच. त्याच्या आईला नाही. माझ्या आईला नव्हता, तिने मला लहानपणी सांगितलं होतं. मग हा आला कुठून? तुम्ही दिवसातून चार वेळा आंघोळ करायचात, पण मी तुमची पाठ कधीच पाहिली नाही. बाबा, तुमची पाठ कशी आहे?"

असं बापाला विचारतात? हेच शिकलास जहाजावर? मी साठ वर्षांचा माणूस आहे, चाळीस वर्षं देवाला हात लावतोय. सकाळी मी दार उघडलं नाही तर सूर्यसुद्धा उगवायचा विचार करेल, असं तुझी आजी म्हणायची. आणि खाऱ्या पाण्यावर वल्ही मारणारा मला विचारतो!

याचं उत्तर मी देणार नाही. यायचं असेल तर ये, नसेल तर नको येऊस.

नातवाचं नाव काय ठेवलंस, ते लिहिलं नाहीस.

फामेनोथ महिना, ३.

बाळा,

मागचं पत्र मी धाडलंच नाही. ते इथेच पेटीत आहे, तेही यासोबत देतोय, म्हणजे तुझा बाप कसा आहे ते तुला दिसेल.

माझी पाठ तुझ्या पाठीसारखीच आहे.

डाव्या खांद्याखाली, काळसर, बोटभर. तुझ्या आजोबांच्या पाठीवर होता की नाही ते मला माहीत नाही, मीही त्यांची पाठ कधी पाहिली नाही, आणि आता त्याचा अर्थ कळतो. मला उभं केलं तेव्हा बाकावर सगळ्यांत वडील तेच होते. त्यांना विचारलं, "डाग आहे का?" ते म्हणाले, "नाही." एवढ्या मोठ्या माणसाला उलट कोण विचारणार? घरी येताना त्यांनी माझा कान धरला आणि म्हणाले, "आता जन्मभर भिंतीकडे पाठ करून आंघोळ करायची." मी केली. चाळीस वर्षं, दिवसातून चार वेळा, तळ्याच्या उत्तरेकडच्या भिंतीला पाठ लावून. भिंतीवर माझ्या पाठीचा खळगा पडला असेल.

तुझ्या आईला माहीत होतं, बायकोपासून काय लपतं! त्या सकाळी तिने माझे पाय धरले. "नाही म्हणा हो. तुमच्या वडिलांनी म्हटलं तसं. एक शब्द आहे."

मी म्हणणार होतो. मी ते घोकत चौकात आलो होतो. पण बाकावर मार्रेस होता. तेव्हाही तो असाच होता, जिभेचा तिखट, माझी चूक शोधत बसलेला. आणि तो तुझ्या खांद्याकडे बघत होता. मला वाटलं, याला कळलंय. मी "नाही" म्हणालो की हा म्हणणार, "वस्त्र काढा." तुझा डाग दिसला की म्हणणार, "आता बापाचंही काढा." दोघंही गेलो असतो. मी आधीच "आहे" म्हणालो तर लोक म्हणतील, काय खरा माणूस, पोटच्या पोरालाही सोडलं नाही. मग माझी पाठ कोण बघणार?

आणि लोक तसंच म्हणाले. आजही म्हणतात. गावात कुणाला खरेपणाची शपथ घ्यायची असेल तर माझं नाव घेतात. सेगाथिसने त्या दिवसापासून माझ्या पाठीला कधी तेल लावलं नाही.

देवासमोर खोटं बोलवलं नाही असं मी तुला लिहिलं. मी रोज सकाळी देवासमोर उभा राहून खोटा आहे, पाबूस. वस्त्र गुंडाळलेला खोटा. पण एक सांगतो, त्याने मला कधी हाकललं नाही. चाळीस वर्षांत एकदाही दार अडकलं नाही. म्हणजे एकतर त्याला डागाचं काही नाही, किंवा गाभाऱ्याच्या आत कुणी नाही. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही. डागाचं त्याला काही नसेल, तर मी तुला कशासाठी घालवलं?

आता मी तुला देवळासाठी बोलावत नाही. तपासनिसाला मोहोर लावायची तर लावू दे. तू फक्त पोराला घेऊन ये आणि तुझी पाठ मला एकदा बघू दे. मी माझी दाखवतो.

तुझा बाप

फार्मूथी महिना, १७.

पाबूस,

हे पत्र कास्तोर नेणार नाही.

माझी आजी मेलेल्यांना पत्रं लिहायची. मातीच्या वाडग्याच्या आतून, काठापासून गोल गोल तळापर्यंत, आणि वाडगा खाण्याने भरून कबरीत ठेवायची. म्हणायची, जेवता जेवता वाचतात ते. आम्ही शिकलेली पोरं तिला हसायचो. हे सगळं वाडग्यात मावणार नाही म्हणून आधी इथे लिहितोय, आणि ते तुझ्या शेजारी ठेवणार आहे.

परवा सकाळी तपासनीस चौकात बसला होता, त्याच बाकावर. माणूस वाईट नाही. थकलेला, ग्रीक बोलणारा, दर गावात हेच करून कंटाळलेला. यादीत माझं नाव, मार्रेसचं नाव आणि खाली रिकामी जागा. तो म्हणाला, "म्हातारबाबा, तिसरं कुठंय?" मी म्हणालो, "येतोय. अलेक्झांड्रियाहून निघाला असेल." अजून मी वाटच बघत होतो. पत्र वाचून तू निघाला असशील असं धरून बसलो होतो.

आणि तेव्हा कास्तोर उंट घेऊन आत आला.  उंटावर आडवं बांधलेलं एक लांब गाठोडं, स्वस्तातल्या पट्ट्यांचं, गळ्याशी लाकडी पाटी. वालेरियस लाँगस, खलाशी, वय एकोणतीस, बेट गावी पोचवावे.

त्याने माझं पत्र माझ्या हातात दिलं. मोहोर शाबूत होती.

"मी पोचलो त्याच्या तीन दिवस आधी गेला हो," तो म्हणाला. "ताप. बायकोने एवढं करून दिलं आणि पोराला घेऊन माहेरी गेली. समुद्रापलीकडे कुठेतरी. गावाचं नाव मी विचारलं नाही. चुकलं माझं."

तपासनिसाने पाटी वाचली. "हा कुणाचा?"

"माझा. माझा मुलगा."

"तुमच्या मुलाचं नाव गावच्या पटात पाबूस आहे."

"हाच पाबूस."

"म्हातारबाबा, तापाचं मढं आहे. वारस ठरला नाही तर तळ्यापलीकडच्या खड्ड्यात टाकायचा हुकूम आहे, आजच." त्याने गाठोड्याला अडकवलेला आरमाराचा कागद उलगडला. "डाव्या खांद्याखाली काळसर डाग, बोटभर. उघडून बघता येईल."

मार्रेस उठला. "गुंडाळलेल्याला उकलायचं नाही. खड्डा परवडला."

"मग हा यांचाच, हे कशावरून?"

 खरेपणाची शपथ घ्यायला लोक माझं नाव घेतात, आणि तिथे माझा शब्द पुरेना.

मी वस्त्र सोडलं, पाबूस. आधी खांद्यावरून, मग पार कमरेपर्यंत, आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाठीला ऊन लागलं. माझं तोंड तुझ्या गाठोड्याकडे होतं. मागे तपासनिसाची लेखणी चालल्याचा आवाज आला. तो म्हणाला, "बाप ठरला." आणि थोड्या वेळाने, मला ऐकू जाऊ नये अशा हळू आवाजात, "पहिलं नावही खोडावं लागेल."

मग मार्रेस माझ्या मागे आला. मी थांबलो, आता तो बोलणार म्हणून. अठरा वर्षं ज्या बोलण्याची धास्ती घेतली, ते आता येणार.

त्याने खाली पडलेलं वस्त्र उचललं आणि माझ्या खांद्यावर टाकलं. "झाक ते. थंडी वाजेल."

"तुला माहीत होतं?"

"गाढवा, ओलं तागाचं वस्त्र अंगाला चिकटलं की आरपार दिसतं. तू भिंतीला पाठ लावून आंघोळ करायचास आणि मग आमच्या पुढून चालत घरी जायचास. चाळीस वर्षं बघतोय मी तो डाग. सगळ्यांनीच पाहिलाय."

"मग त्या दिवशी... बाकावर..."

"त्या दिवशी आम्ही पाचही जण 'नाही' ऐकायला बसलो होतो, हेरिऊस. ऐकलं की पोराच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि जेवायला जायचं, असं ठरलेलं होतं. तुझ्या बायकोने मसूर शिजवले होते." बोलता बोलता तो रडायला लागला. त्या माणसाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. "मी त्याच्या खांद्याकडे बघत होतो, कारण त्याचं वस्त्र घसरत होतं. मला वाटलं, उठून सावरावं. तेवढ्यात तू तोंड उघडलंस."

दुपारी दाराला मोहोर लागली. सोबेक पेंढ्यात गेला. कास्तोरच्याच उंटावर बांधला, आणि तो खरंच हलका होता. मार्रेस पेटीमागे वेशीपर्यंत चालत गेला आणि परत येऊन बंद दारासमोर बसला. अजून तिथेच आहे. मी त्याला भाकरी नेऊन दिली. खातो, पण उठत नाही.

तुला मी तुझ्या आईशेजारी ठेवलं. पट्ट्या उकलल्या नाहीत. तुझी पाठ बघायची राहिलीच. मोहोर न फुटलेलं पत्र तुझ्या हाताशी आहे.

आज सकाळी जाग आली ती नेहमीच्या वेळेला. दार उघडायला उठलो आणि मग उंबऱ्यावर बसून राहिलो. सूर्य उगवला. त्याने काही विचार वगैरे केला नाही.

मग वाडगा घेतला. काठावर तुझं नाव लिहिलं, मी दिलेलं, बापाच्या नावासकट. खाली गोल गोल, तुझ्या आईचं नाव, आजोबांचं नाव, आणि मगरीचं चिन्ह, तुझ्यासारखी वाकडी शेपटी काढून. त्यावर मसूर घातले, मीठ जास्त घातलं.

सावकाश खा. त्या दिवशी चौकात मला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर तळाला लिहिलं आहे. मसूर संपले की दिसेल.

नाही.